माफ झालेले सहा लाख

३ मार्च, सकाळी ११
जिंकलो. फोटो स्टुडिओचं नऊ लाखांचं कर्ज तीन लाखांत मिटवलं. बँकेच्या वसुलीवाल्या बाईंना बोलण्यात गार केलं. सहा लाख माफ! बाई स्वतः म्हणाल्या, अभिनंदन. तीन लाखांसाठी बायकोची एफडी मोडली. तिला म्हटलं, गुंतवणूक समज. तिने मोडलेल्या एफडीची पावती फाइलला लावली. पटलं असावं.

५ मार्च
संकल्प : यापुढे कर्ज नाही म्हणजे नाही. स्टुडिओला नवा बोर्ड सांगितला. हप्त्याने. हप्ता म्हणजे कर्ज नव्हे.

१८ जून
टॅक्स ऑफिसचं पत्र. माफ झालेले सहा लाख हे म्हणे माझं उत्पन्न! एक नोट हातात आली नाही, आणि उत्पन्न. त्यांना कळवलं कोणी? त्याच बाईंनी. ज्या तोंडाने अभिनंदन केलं, त्याच तोंडाने चहाडी. केसाने गळा कापला. फोन केला तर म्हणाल्या, करारात पान तीनवर लिहिलं होतं. पान तीनपर्यंत वाचतं कोण?

१९ जून
मेहुणा, बायकोचा भाऊ, टॅक्सचंच काम करतो. म्हणाला, घाबरू नका. कर्ज मिटवलं त्या दिवशी नऊ लाखांच्या देण्यापुढे तुमची सगळी मालमत्ता तीन लाखांच्या आत होती असं दाखवलं, की पूर्ण कर माफ. यादी करून द्या.
बसून मनापासून यादी केली. कॅमेरे, साडेचार लाख. लाइट आणि पडदे, दोन लाख. बाजारातलं नाव, पाच लाख (कमीच लावलं). मेहुण्याने विचारलं, नक्की? म्हटलं, लिही. माणसाने स्वतःला कमी का लेखावं?

२ सप्टेंबर
टॅक्स ऑफिसचं उत्तर : कर भरा, एक लाख ऐंशी हजार. वर व्याज. मी म्हणे सधन आहे!
मेहुण्याने दगा दिला. हात धरून थांबवता आलं नसतं? तो म्हणतो, दोनदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा ताईसमोर. संबंध तोडणार. रविवारी तो जेवायला येतोय, तेव्हा सोमवारपासून.

५ सप्टेंबर
घरातूनच घात. बायको मला न सांगता माझे कॅमेरे जुन्या सामानाच्या दुकानात दाखवून आली. किंमत लेखी आणली. लाइटची भंगारवाल्याकडून. ‘बाजारातलं नाव’ यापुढची जागा कोरी. एकूण एकेचाळीस हजार. तिचा भाऊ म्हणतो, फॉर्म दुरुस्त करून देता येतो. दोघांचं आधीच ठरलेलं.
मी जेवलो नाही. ती शांतपणे म्हणाली, "मी सामानाची किंमत लावलीय, तुमची नाही. सही करा."
सही केली. निषेध म्हणून लहान अक्षरात.

२७ सप्टेंबर, दुपारी १
टॅक्स ऑफिस. अधिकारी खोदून विचारणार हे गृहीत धरून गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट, बक्षीस मिळालेल्या फोटोंचा अल्बम. एवढा नावाजलेला माणूस कंगाल कसा, हे समजावायला अर्ध्या तासाचं भाषण तयार.
त्यांनी यादी पाहिली. माझ्याकडे पाहिलं. शिक्का मारला. कर माफ.
मीच म्हटलं, लेन्स परदेशी आहेत हो. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.
एकही प्रश्न विचारला नाही.