पोकळ खोडापलीकडचा डोंगर

३ मे
पोचले एकदाची. पोर्ट ऑगस्टाहून निघताना आई म्हणाली होती, फोटोवाल्याकडे नोकरी म्हणजे नुसती ओझी वाहायची. वाहीन की! एरल हॅड्रिककडे शिकायला कोणाला मिळतं? कोरड्या नदीत वणव्याने आरपार पोकळ झालेलं एक गमचं, म्हणजे निलगिरीचं, झाड आहे. खोडातून पाहिलं की समोरचा डोंगर अचूक चौकटीत बसतो. एरल म्हणाला, "चौकट निसर्ग देतो, टॅम्सिन. मधे काय ठेवायचं ते आपण ठरवायचं."
रात्री मटण भरलेली पेस्ट्री. शेजारचा म्हातारा लेस्टर कुत्र्याला घेऊन बिअर प्यायला आला. मला म्हणाला, याचा आधीचा मदतनीस न सांगताच पळाला, तू टिक हो. एरल हसला नाही.

६ मे
चौकटीत कांगारू आला. नुसता डोंगर सपाट दिसतो, मधे जिवंत काहीतरी हवं, असं एरल सांगत होता. कांगारू उडी मारणार तोच एरलने बंदूक उचलली. मग शेपटीला धरून ओढत आणला, मान दगडावर टेकवून हवी तशी वळवली. मी विचारलं, का मारलंस? म्हणाला, हलत होता.
फोटो सुंदर आला. याचीच जास्त लाज वाटली.

९ मे
आज लेस्टरचा कुत्रा. माझ्या देखत. फावड्याने.
एरलने हात धुतले, चहा टाकला. मी नोकरी सोडते म्हणाले. गाडीची किल्ली त्याच्या खिशात. इथे फोन लागत नाही. उद्या लेस्टरबरोबर जाईन.

१० मे, सकाळ
लेस्टर झाडापलीकडे पाठमोरा बसला होता, डोंगराकडे तोंड करून. हाक मारली. खांद्याला हात लावला तर टोपी पडली, आणि टोपीखाली डोकं अर्धंच—
मागून एरल म्हणाला, "सरक. सावली पडतेय तुझी."
पळाले.

दुपार
मांडीत गोळी. पट्टा आवळलाय. नदीकाठच्या खडकाच्या कपारीत आहे. एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हातात पळताना उपटलेली तंबूची लोखंडी खुंटी.
तो बाहेर आहे. शांतपणे बोलतोय. ही कपारसुद्धा छान चौकट आहे म्हणे. "हलू नकोस, पोरी. उजेड आत येऊ दे."
कॅमेऱ्याची तिवई रोवली. बंदूक खाली ठेवली, हातभर लांब. वाकला—
डोळा कॅमेऱ्याला. आता—