गोड तंबाखू

प्रिय थोरली,

मायना वाचून चमकली असशील. तुला काय म्हणावं, यात दोन कागद फाडले. नावानं हाक मारावी इतकी आपली ओळख नाही. ‘सवत’ म्हणावं, तर तू त्याचं घर सोडल्यावर दोन वर्षांनी मी त्या घरात आले. एका छपराखाली आपण एक दिवसही काढला नाही. पण मनातल्या मनात मी तुला पहिल्यापासून थोरलीच म्हणत आलेय, आणि मनातल्या मनात तुझ्याशी इतकी भांडलेय, की आता अहो-जाहो जमायचं नाही. तेव्हा अगं-तुगंच. राग मानू नकोस. मानलास तरी मला इथून दिसणार नाही.

चौकातली लाँड्रीवाली म्हणून तुला मी आठवत असेन. तू त्याचा करडा कोट घेऊन यायचीस. काउंटरवर पसरून बाहीवरची बारीक बारीक भोकं दाखवायचीस आणि हसत म्हणायचीस, ‘बघा, नवरा आहे की शेगडी!’ पाइपमधल्या ठिणग्यांनी पडलेली ती भोकं मी रफू करून द्यायचे. त्या कोटाला व्हॅनिलाचा वास यायचा. दिवसभर लोकांच्या घामाचे, तेलाचे, ओल्या लोकरीचे वास घेणारी मी. तो एक कोट मात्र मुद्दाम शेवटी इस्त्रीला घ्यायचे. एकदा विचारलं तेव्हा तू म्हणालीस, ‘आधी कसली तरी घाणेरड्या वासाची तंबाखू ओढायचा. मी सांगितलं, घरात राहायचं असेल तर ही ओढ, नाहीतर जिन्यात बस. मुकाट्यानं बदलली.’ ते ‘मुकाट्यानं’ तू ज्या थाटात म्हणालीस ना, ते माझ्या डोक्यात बसलं. तेव्हा मी एकटी होते आणि तो माझा कुणीच नव्हता. तरी हेवा वाटला. इतक्या सहज आपलं ऐकणारा माणूस कसा मिळतो, असं वाटलं.

मग तुम्ही वेगळे झालात आणि कोट तो स्वतः घेऊन यायला लागला. त्याचा वास गेला होता. त्यानं पाइप मधल्या काळात सोडलाच होता, हे नंतर कळलं. पुढे मला चष्मा लागला आणि मी त्याच्या दुकानात गेले. तुला ठाऊकच आहे, त्या अंधाऱ्या खोलीत तो डोळ्यांपुढे काचा बदलत कसा विचारतो ते. ‘पहिली बरी की दुसरी?’ मी म्हणाले, दुसरी. तो म्हणाला, नीट बघून सांगा. मी म्हणाले, बघूनच सांगतेय. त्या खोलीत तो पहिल्यांदा हसला. आमचं लग्न ठरल्यावर लोक काय बोलले ते तुझ्याही कानावर आलं असेल. ‘एकीनं टाकलं, दुसरीनं उचललं.’ मी ऐकलं आणि गिळलं. पण गिळलेलं पचतंच असं नाही.

लग्नानंतर त्यानं पुन्हा पाइप काढला. मला वाटलं, आता तो व्हॅनिलाचा डबा येणार. पण नाही. आधी त्यानं साधी पिवळ्या पानांची तंबाखू आणली, उन्हात वाळलेल्या गवतासारख्या वासाची. काही वर्षांनी त्याला ती फिकी लागायला लागली. म्हणून आम्ही दोघं रविवारी तंबाखूवाल्याकडे जाऊन बसायला लागलो. तो चिमूट चिमूट भरून द्यायचा, हा दोन झुरके घ्यायचा आणि मला वास घ्यायला लावायचा. कुठली ओल्या चामड्यासारखी, कुठली खजुरासारखी. शेवटी तो एका काळ्याकुट्ट तंबाखूवर येऊन थांबला. धुरी देऊन सुकवलेली पानं, वास अगदी विझलेल्या चुलीचा. वरच्या मजल्यावरच्या आजी एकदा बादली घेऊन खाली आल्या, म्हणाल्या, आग कुठे लागलीय? मला तो वास आवडायचा असं नाही. पण तो आमचा होता. तंबाखूवाला म्हणायचा, ‘गोड तंबाखूनं सगळेच सुरुवात करतात, वहिनी. इथवर येणारे थोडे.’ मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! तुझ्याकडे होता तेव्हा त्याची जीभ पोरकट होती, माझ्याकडे येऊन ती मोठी झाली, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. वीस वर्षं मी त्या समजुतीवर ऐटीत जगले.

गेल्या वर्षी ते बिनसलं. तो भरलेला पाइप अर्धा ओढून ठेवायला लागला. काळ्या तंबाखूचा डबा महिनाभर तसाच. मी म्हटलं, वय झालं, कमी होतंय तर बरंच आहे. आणि मग एका सकाळी लाँड्रीत कपड्यांची वर्गवारी करताना त्याचं जाकीट हातात आलं आणि व्हॅनिलाचा भपकारा आला. मी तिथेच स्टुलावर बसले. हाताखालची बाई म्हणाली, ‘काय हो, चक्कर आली का?’ खिसे उलटे करून पाहिले. काही नव्हतं, थोडा चुरा होता. पण मला तो चुरा पुरेसा झाला.

संध्याकाळी तशीच तंबाखूवाल्याकडे गेले. सहज विचारल्यासारखं विचारलं. तो माझी नजर चुकवत म्हणाला, ‘साहेबांनी जुनी गोड तंबाखू मागितली. मी म्हटलं, अहो, ही पोरांची चीज. तर म्हणाले, घरी आवडते.’ घरी! माझ्या घरात ती कुणाला आवडते? मी तर तिचं नावसुद्धा कधी काढलं नव्हतं. मग हे कुठलं घर? त्या एका शब्दानं माझी झोप उडाली, थोरले. घरी येऊन मी सरळ विचारलं, ‘तिच्याकडे जातोस का?’ त्याला आधी कळेचना कुणाकडे. कळलं तेव्हा कपाळाला हात लावला. म्हणाला, ‘अगं, ही घशाला लागत नाही. एवढंच.’ मी म्हणाले, ‘तुझ्या घशाला लागत नसेल, माझ्या काळजाला लागते.’ डबा उचलून कचऱ्यात टाकला. दोन दिवसांनी दुसरा डबा आला. मग मी माझी उशी उचलली आणि कपाटाच्या खोलीत झोपायला गेले.

त्यानंतर मी जे केलं ते तुला सांगायला लाज वाटते, पण सांगते. तुझ्याकडे फोन यायचा आणि कुणी न बोलता ठेवून द्यायचं ना, ती मी. आणि तू शिकवतेस त्या पोहण्याच्या तलावावर, वर प्रेक्षकांच्या बाकावर एक बाई चष्मा लावून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली तुला दिसली असेल, तर तीही मीच. तू साठीच्या बायकांना पाठीवर तरंगायला शिकवत होतीस. एकीनं कठडा गच्च धरला होता. तू पाण्यातूनच ओरडलीस, ‘हात सोड! मी आहे ना खाली!’ आणि तिनं सोडला. तुझे खांदे, तुझे ओले आखूड केस, गळ्यातली शिट्टी, सगळं मी बघत होते. मनात म्हटलं, या वयात हिला असे खांदे कशाला हवेत? सगळ्या गेल्यावर मी खाली उतरले आणि तुझ्या टॉवेलाजवळून मुद्दाम गेले. हो, वास घेत. वेडीच ना? क्लोरीनशिवाय कसलाही वास नव्हता. माझं समाधान व्हायला हवं होतं. उलट वाटलं, हुशार आहे, धुऊन आलीय.

घरात अबोला होता. निदान मला वाटत होतं की अबोला आहे. तो बोलायचा कमी, बोलला तर घोगरा, आणि मी समजायचे, मनात चोर आहे म्हणून आवाज फुटत नाही. त्याच्या चष्म्याच्या दुकानातला मदतनीस एक दिवस लाँड्रीत आला. म्हणाला, ‘काकू, सरांचा आवाज गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही. आता काचा मीच विचारतो. तुम्ही त्यांना डॉक्टरकडे न्या ना.’ मी त्याच्यावरच खेकसले, की सर्दी झाली असेल. तो गेल्यावर हातातली इस्त्री तशीच राहिली, कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाचा खांदा करपला. त्या रात्री कपाटाच्या खोलीतून त्याचा खोकला ऐकला. खरं तर रोजच ऐकत होते. पण त्या दिवशी कान देऊन ऐकला.

डॉक्टर तरुण होती, शांत. तपासण्या झाल्या, घशातला तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आल्यावर तिनं आम्हाला समोर बसवलं आणि विचारलं, ‘कडक, झोंबणारं असं काही सहन होईनासं कधीपासून झालं?’ तो माझ्याकडे बघायला लागला. उत्तर मला येत होतं. ज्या सकाळी जाकिटाला व्हॅनिलाचा वास आला, त्याच्या थोडं आधीपासून. काळी तंबाखू त्याला झोंबायला लागली, म्हणून तो मऊ तंबाखूकडे वळला. त्यात तू नव्हतीस. कुणीच नव्हतं. आणि ते ‘घरी आवडते’? बाहेर आल्यावर मी विचारलं, तर ओशाळून म्हणाला, ‘इतक्या वर्षांनी पोरांची तंबाखू मागायची लाज वाटली गं. तुझ्या नावावर ढकललं.’ हॉस्पिटलच्या त्या लांबलचक बोळात मी हसायला लागले आणि मग रडायला. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला. आजारी कोण, हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

स्वरयंत्र काढावं लागणार आहे. जीव वाचेल, असं ती म्हणते, आणि ठामपणे म्हणते. पण आवाज जाणार. पुढे शिकून एखादं यंत्र गळ्याला लावून बोलता येईल, पण तो आवाज त्याचा नसेल. पाइप तर त्यानं त्याच दिवशी बंद केला. सगळे पाइप तंबाखूवाल्याला देऊन आला. तंबाखूवाला बिचारा त्याचा हात सोडेना.

आता तुला वाटेल, हिचा मत्सर संपला आणि माफी मागायला पत्र लिहिलंय. माफी मागतेच. फोनची, तलावाची, सगळ्याची. पण मत्सर संपलेला नाही, खोटं कशाला बोलू? ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून तो रोज संध्याकाळी एकेकाला फोन करतो. धाकट्या भावाला केला, शाळेतल्या मित्राला केला, तंबाखूवाल्यालासुद्धा केला. प्रत्येकाला घोगऱ्या आवाजात तेच सांगतो, ‘बोलायचं असेल ते आत्ता बोल, पुढच्या वेळी मी नुसता ऐकणार.’ परवा मी भाजी चिरत होते. त्यानं एक नंबर फिरवला, कानाला लावला आणि वाजायच्या आतच ठेवून दिला. पुन्हा फिरवला, पुन्हा ठेवला. ‘कुणाला करत होतास?’ विचारलं, तर म्हणाला, ‘राँग नंबर लागला.’ तो नंबर मी त्याच्या बोटांवरूनच ओळखला. मीही तो तसाच फिरवून ठेवायचे ना! सुरी ठेवली आणि आत जाऊन बसले. इतक्या वर्षांनी, आवाज जायच्या आधी, ज्यांच्याशी बोलायचंय त्यांत तू आहेस. आणि माझ्या धाकानं तो माणूस तुला फोनही करू शकत नाही.

म्हणून हे पत्र. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे, बुधवारी त्याला दाखल करायचं. तू रविवारी दुपारी ये. त्याला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो नको म्हणेल, माझ्यासाठी. दार मीच उघडीन, चहा ठेवीन आणि लाँड्रीत जाऊन बसेन. रविवारी दुकान बंद असतं, पण मला आत बसायला कुणाची मनाई आहे? संध्याकाळपर्यंत येणार नाही. तुम्ही काय बोललात ते विचारणार नाही. निदान लगेच विचारणार नाही. भांडलात तरी चालेल, पण त्याला हसव. तुझ्याकडे ते आहे, मी पाहिलंय. फक्त एक मागते, थोरले. डॉक्टरांनी त्याला जास्त बोलू नको म्हणून सांगितलंय, दुपारनंतर आवाज पार बसतो. तू बसशील, जुनं काही निघेल, वेळेचं भान राहणार नाही. तेव्हा सगळा आवाज तूच घेऊन जाऊ नकोस. रात्री दिवा मालवताना तो मला रोज एक वाक्य बोलतो, अगदी साधं, ‘झोप आता’ एवढंच. त्यापुरता तरी माझ्यासाठी राहू दे.

वाट बघते. येऊ नयेस असंही वाटतं. पण ये.

तुझीच,
धाकटी