वर एक वीत, खाली एक वीत

१२ जानेवारी

चि. चिमणीस, मामाचे अ. उ. आ.

टिंग! ओळंबा तेलाच्या बादलीच्या कडेला लागल्याचा तो जुना आवाज आज पहाटे स्वप्नात ऐकला. हा मनोरा बांधताना मी विशीतला गवंडी. सव्विसाव्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत तार सोडायची, टोकाचा जड ओळंबा तेलात बुडवून त्याचा झोका थांबवायचा, मग तार भिंतीपासून किती लांब ते मोजायचं. वर एक वीत, खाली एक वीत. पुढे रखवालदार झालो, तरी दरवर्षी मोजत आलो. कालही मोजलं. तेच!

आणि समोरच्या नव्या मनोऱ्यातल्या पालिकेच्या कचेरीतून तुझे साहेब नोटीस धाडतात की आमचा मनोरा कलला, आठ दिवसांत जागा सोडा. बाकीचे गेले, लिफ्टही बंद केली. मी या सव्विसाव्या मजल्यावरच्या खोलीतून हलणार नाही. नोटिशीतच लिहिलंय, मोजमाप तुमच्या भिंतीवरून घेतलं. दोन शेजाऱ्यांत वाकडा कोण, हे त्यांतल्याच एकाच्या डोळ्यांनी ठरवायचं होय गं?

आमचा मनोरा म्हणजे शार्दूलविक्रीडित वृत्त, बाराव्या अक्षरावर यतीचा थांबा म्हणजे थांबा. तुमचा काचेचा मुक्तछंद. उंच आहे खरा, पण ताल?

पेपरवाल्याबरोबर ओळंबा पाठवतोय. इंजिनिअर आहेस ना? लाव तुमच्या जिन्यात.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा हट्टी मामा

१७ जानेवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. ओळंबा लावला. हसत लावला, खरं सांगते. तीनदा मोजलं आणि हसू गेलं. वर एक वीत, खाली एक वीत आणि चार बोटं. कललोय आम्ही, मामा.

साहेब म्हणाले, नोकरी हवी असेल तर हे विसर. मी आकडे लिहिले, खाली सही केली आणि कागदावर तुमचा ओळंबा ठेवून निघून आले. तुमचीच भाची ना! पण परवा जागा रिकामी करायला पोलीस येणार आहेत. तुमचे गुडघे बघा, गेलेल्या मामीच्या आठवणी माझ्या घरीही राहतील. हात जोडते, उतरा.

तुमच्या रागालोभाची हक्कदार,
चिमणी

१९ जानेवारी

चि. चिमणीस, अ. उ. आ.

शाब्बास! नोकरी गेली तर जाऊ दे, सही राहिली. पण उतरणार नाही. सरळ उभ्या असलेल्या घरातून मान खाली घालून कशाला निघू? दाराला आतून खुर्ची लावून बसलोय, शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणतोय. पोलिसांना पाठ नसतील, तर शिकवीन.

थांब, दार वाजलं.

बघून आलो. पोलीस नाहीत. तुझे साहेब आहेत, एकटेच. सव्वीस मजले चढून घामाघूम. एका हातात माझा ओळंबा, दुसऱ्या हातात तेलाची काठोकाठ भरलेली बादली. बादली खालीच ठेवायची असते, एवढंही ठाऊक नाही बिचाऱ्याला!

पत्र इथंच पुरं करतो. त्यांना पाणी देतो, मग मोजायला शिकवतो.

मामा