नून म्हणजे किती वाजता

मी, सिव्हर्ट नेसवोग, वय वर्षे एकोणनव्वद, व्यवसाय आधी शिक्षक, नंतर संसद सदस्य, नंतर प्रादेशिक रेडिओ केंद्राचा प्रमुख आणि सध्या काहीच नाही, राहणार स्ताव्हॉय बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. ती थोडी आधी गेली असती तर बरे झाले असते, पण ते माझ्या हातात नव्हते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणावा इतके जवळचे कोणी उरलेले नाही.

वरचा पहिलाच शब्द, म्हणजे ‘मी’, तो मी ‘एग’ असा लिहिला आहे. वकील आर्व्हिद याने कच्चा मसुदा ‘याय’ असा लिहून आणला होता. मी तो लाल शाईने दुरुस्त केला. तो म्हणाला, “सर, कोर्टाला दोन्ही चालतात.” मी म्हटले, “कोर्टाला चालेल, मला चालत नाही.” आर्व्हिद माझाच विद्यार्थी. त्याला तिसरीत शुद्धलेखन आले नाही आणि अजूनही येत नाही.

आमच्या देशात एकच भाषा दोन तऱ्हांनी लिहितात. एक गावोगावच्या बोलींतून उभी केलेली, दुसरी शहरातल्या साहेबांच्या पुस्तकांतून आलेली. पहिलीत माणूस स्वतःला ‘एग’ म्हणतो, दुसरीत ‘याय’. मी पहिलीच्या बाजूने उभा राहिलो आणि सत्तर वर्षे उभाच आहे. त्या उभे राहण्यात काय काय पायाखाली गेले ते कलमवार लिहितो.

कलम १. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. एकोणीसशे एक्क्याऐंशी सालच्या मृत्युपत्रात मी सर्व काही एका भाषा मंडळाला दिले होते. ते मंडळ माझ्याआधीच मेले.

कलम २. शाळेतल्या वस्तू म्हणून माझ्याकडे एक लाकडी पट्टी, एक हातघंटा आणि माझ्या हस्ताक्षरातील सतरा हजेरीपट आहेत. बेटावरची शाळा बंद झाली. इमारतीत आता उन्हाळ्यात परदेशी पाहुणे राहतात आणि फळ्यावर कोणत्या दिवशी कोणी भांडी घासायची ते लिहितात. त्यामुळे शाळेला काही देता येत नाही. घंटा चर्चच्या राखणदाराला द्यावी, त्याला ऐकू कमी येते. हजेरीपट जाळावेत. त्यांतले निम्मे लोक वारले आणि उरलेल्या निम्म्यांना मी आवडत नव्हतो.

कलम ३. एकोणीसशे अडुसष्ट साली आमच्या शाळेत कोणती भाषा लिहायची यावर बेटाचे मतदान झाले. गाव-भाषा एका मताने हरली. त्या एका मतासाठी मी माझा धाकटा भाऊ येर्मुंड याच्या बायकोला, ओड्नीला, जबाबदार धरले. ती शहरात दोन वर्षे दुकानात कामाला होती, एवढा पुरावा मला पुरेसा वाटला. कॉफीच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, मी तिला म्हणालो, “ओड्नी, तुझ्या तोंडून ‘याय’ ऐकायला आम्ही तुला या घराण्यात आणलं नव्हतं.” येर्मुंड म्हणाला, “दादा, कॉफी घे, गार होतेय.” मी कप तसाच ठेवून उठलो आणि त्यानंतर सोळा वर्षे त्यांच्या घराची पायरी चढलो नाही. येर्मुंड मात्र दर नाताळला सुकवलेले मटण माझ्या दारात ठेवून जायचा.

या कलमान्वये मी ओड्नीला माफ करीत आहे.

वरचे वाक्य खोडले आहे. माफ करणारा मी कोण?

कलम ४. मतदान हरल्याचा राग घेऊन मी राजकारणात गेलो. लोकांना वाटले, मास्तरांना देशाची चिंता आहे. बारा वर्षे संसदेत बसून मी गाव-भाषेवर भाषणे केली. ती छापील स्वरूपात सहा खोक्यांत वर माळ्यावर आहेत. ज्याला चूल पेटवायची असेल त्याने न्यावीत. काळा सूट मला घालू नये, तो बेटावरच्या नाटकवाल्यांना द्यावा.

कलम ५. हे कलम मला लिहायचे नव्हते. बाकीची सगळी कलमे याच्यासाठीच लिहिली आहेत.

एकोणीसशे ब्याऐंशी साली मला प्रादेशिक रेडिओ केंद्राचे प्रमुख केले. मी गेल्या गेल्या परिपत्रके काढायला लागलो. त्यातले चौदावे असे: दिवसाच्या वेळा सांगताना शहरी शब्द वापरू नयेत. आपले लोक दिवस न्याहारीने आणि नूनने मोजतात, त्यांना त्यांच्याच शब्दांत सांगावे. खाली माझी सही.

नून म्हणजे दुपारचे खाणे आणि ते खायची वेळ. आमच्या बेटावर नून चार वाजता असतो, होड्या परत आल्या की. तेव्हा कॉफी होते, लोणी लावलेली लेफ्सेची पोळी होते. आत डोंगरातल्या खोऱ्यांत, जिथे माणसे पहाटेपासून लाकूड तोडतात, तिथे नून बारा वाजता असतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेले आहेत आणि तो शब्दकोश माझ्या टेबलावर असायचा.

मच्छीमारांसाठी सकाळी सात वाजता हवामान वाचायची ती टोरबोर नावाची मुलगी अशाच एका खोऱ्यातली. परिपत्रक हातात घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. “साहेब, आमच्याकडे नून बाराला असतो. किनाऱ्यावर कधी असतो?”

मी मान वर न करता म्हटले, “टोरबोर, आपला नून कधी हे कोणाला विचारावं लागत नाही. ज्याचं त्याला कळतं.”

माझे हे वाक्य मला तेव्हा फार आवडले होते. दोन-तीन सभांत मी ते पुन्हा वापरले.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका सकाळी हवामान खात्याकडून कागद आला: मध्यान्हीपासून नैऋत्येकडून वादळी वारा. ‘मध्यान्ह’ हा शब्द शहरी. टोरबोरने परिपत्रकाप्रमाणे तो काढला आणि वाचले, “नूनपासून वादळी वारा.” तिच्या हिशेबाने तिने बरोबरच वाचले.

येर्मुंड स्वयंपाकघरात बूट चढवत होता. पुढे चौकशीत ओड्नीने सांगितले ते मी तिथे पहिल्या रांगेत बसून ऐकले. ती म्हणाली, “मी त्याला म्हटलं, आज राहू दे. तर म्हणाला, ‘अगं, वारा नूनला आहे. तोवर मी गळाची दोरी ओढून घरी येईन, वर एक झोप काढीन. आपल्या सिव्हर्टचा रेडिओ आहे हा, आपल्यासारखं बोलतो.’”

वारा बाराला आला. येर्मुंड अकराव्या दिवशी खडकांच्या बाहेरच्या अंगाला सापडला.

चौकशी समितीने मला विचारले, असे वाचण्याविषयी काही लेखी सूचना होती का. मी म्हणालो, “नाही. वाचणाऱ्याने डोकं वापरायचं असतं.” त्याच्या आदल्या दिवशी मी फाइलमधून परिपत्रक काढून घरी आणले होते आणि उरलेल्या प्रती गोळा करून जाळल्या होत्या. टोरबोर समोरच बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मग आपल्या हातांकडे पाहत राहिली. ती मला खोटे पाडू शकली असती. तेविसाव्या वर्षी कोण कोणाला खोटे पाडते? तिला तळघरात जुन्या ध्वनिफितींची लेबले लावायला बसवले. दोन वर्षांत ती नोकरी सोडून खोऱ्यात परत गेली. मी आणखी बारा वर्षे प्रमुख राहिलो आणि निवृत्त होताना मला लोकभाषेच्या सेवेबद्दल चांदीची तबकडी मिळाली. ती तबकडी खाडीत टाकावी.

परिपत्रक शब्दकोशात आहे, ‘नून’ जिथे आहे त्या पानावर. शब्दकोशासकट ते ओड्नीला द्यावे. ओड्नीने ते कोणालाही दाखवावे, वर्तमानपत्राला सुद्धा. मी मेल्यावर कशाला, जिवंतपणी का नाही दिलेस, असे कोणी विचारले तर उत्तर असे: धीर झाला नाही, एवढेच.

कलम ६. बँकेतली सर्व शिल्लक टोरबोरची मुलगी सिग्नी हिला द्यावी. टोरबोर तीन वर्षांपूर्वी वारली. मी वर्तमानपत्रात वाचले. पत्र लिहायला बसलो होतो, पण पहिल्या ओळीतल्या ‘एग’च्या पुढे हात गेला नाही.

कलम ७. हे घर, होडीची खोप आणि किनाऱ्याचा तुकडा ओड्नीला द्यावा. येर्मुंड या घरात जन्मला. थोरला म्हणून ते माझ्याकडे आले आणि तो जोडप्याने पलीकडच्या किनाऱ्यावर दोन भाड्याच्या खोल्यांत राहिला. त्यांना मूल नव्हते, मला बायको नव्हती. तीन माणसांना हे घर सहज पुरले असते. ओड्नीने नको म्हटल्यास ते नगरपालिकेकडे जाईल आणि नगरपालिका ते पाडून गाड्या लावायला जागा करील, मला कल्पना आहे.

कलम ८. एवढी एकच गोष्ट मी मागत आहे, बाकी सगळे देणे आहे. मला येर्मुंडशेजारी पुरावे. त्या थडग्याचा ताबा ओड्नीकडे आहे, म्हणून तिची संमती लागते. तिने ती द्यावी अशी माझी विनंती आहे. विनंती हा शब्द मी आयुष्यात कमी वापरला, त्यामुळे तो कसा लिहितात हे मला शब्दकोशात पाहावे लागले.

पुरवणी. ही त्याच दिवशी, सह्यांच्या आधी, लिहीत आहे.

आर्व्हिद चारच्या फेरीबोटीने येणार होता, बरोबर दुसरा साक्षीदार म्हणून चर्चचा राखणदार. मी काल ओड्नीला फोन केला. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटले, “ओड्नी, उद्या एक कागद वाचायला घरी ये.”

“किती वाजता?”

“नूनला ये,” मी म्हणालो. बोलून गेलो. नव्वदीला आलेली जीभ, तिला दुसरा शब्द माहीतच नाही.

आज बाराच्या ठोक्याला दार वाजले. ओड्नी कोट घालून, काठी टेकत उभी होती. मी म्हटले, “अगं, आर्व्हिद चारला येणार आहे.”

“भाऊजी, तुमच्या रेडिओवर नून बाराला असतो,” ती म्हणाली. “म्हणून बाराला आले.”

ती स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. कोट काढला नाही. मी कॉफी ओतली, तिने कप बाजूला सरकवला. मी हा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो बोट फिरवत पहिल्या ओळीपासून वाचला. पाचवे कलम वाचून झाल्यावर मी म्हटले, “तुला हे माहीत नव्हतं.”

“माहीत होतं. त्या पोरीला ‘नून’ म्हणायची हौस कुठली? ती तुमची हौस.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी बोलताय ते बघत होते.”

आठवे कलम वाचून तिने कागद घडी न करता माझ्याकडे सरकवला. “येर्मुंडच्या एका बाजूला तुमचे आई-वडील आहेत. दुसऱ्या बाजूला मी जाणार आहे. तिथे जागा नाही, भाऊजी.”

त्यानंतर ती खुर्चीतच खिडकीकडे वळली. एक वाजला, दोन वाजले. ती समुद्राकडे बघत होती, हात मांडीवर. तीन वाजता माझ्या ध्यानात आले की त्या दिवशी ती अशीच बसली असणार, बारापासून चारपर्यंत, बाहेर वारा सुटलेला आणि तो चारच्या नूनला येईल असे सांगून गेलेला नवरा समुद्रात. ते चार तास माझ्या वाट्याला कधीच आले नव्हते. आज तिने ते आणून माझ्या स्वयंपाकघरात ठेवले. मला उठून जावेसे वाटले, पण गेलो नाही.

चारला आर्व्हिद आला. एकटाच. राखणदाराला ताप होता, दुसरा साक्षीदार नाही. आर्व्हिद म्हणाला, “सर, आता उद्यावर टाकू.”

“मी करते सही,” ओड्नी म्हणाली.

“काकू, तुम्ही साक्षीदार झालात तर तुम्हाला यातलं काहीच मिळणार नाही. कायदाच तसा आहे. घर जाईल, ते परिपत्रक जाईल.”

“मला कायदा समजतो रे,” ती म्हणाली. “पेन कुठंय?”

त्यामुळे कलम ७ मधले घर नगरपालिकेकडे जाईल. कलम ५ मधले परिपत्रक ओड्नीकडे जाऊ शकत नाही, म्हणून ते मी आत्ताच आर्व्हिदच्या हाती दिले आहे. उद्या सकाळच्या बोटीने ते वर्तमानपत्राच्या कचेरीत द्यायचे, मी जिवंत असतानाच. आर्व्हिदने दोनदा विचारले, नक्की ना सर? नक्की. कलम ८ रद्द. चर्चच्या आवारात जिथे जागा निघेल तिथे मला पुरावे. दगडावर नाव आणि दोन साले पुरेत, ‘एग’ किंवा ‘याय’ येईल असे कोणतेही वाक्य त्यावर कोरू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही करून ठेवले आहे.

सही: सिव्हर्ट नेसवोग

साक्षीदार पहिला: आर्व्हिद स्तोरहाउग, वकील
साक्षीदार दुसरी: ओड्नी नेसवोग, येर्मुंडची बायको. (हे शेवटचे दोन शब्द तिने स्वतः लिहिले आहेत.)

स्थळ: स्ताव्हॉय, वडिलांच्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२३
वेळ, शब्दांत न लिहिता आकड्यांत: १६.२०