विमान आलं की तू ताटावरून उठायचीस

माय, त्या चातुर्मासात मी बाळंतपण आटोपून तुझ्याकडेच होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. भाऊ लढाईवर मोटार हाकायला गेला आणि तो सुखरूप परत यावा म्हणून तू नेम धरलास: एकभुक्त राहायचं, मुक्यानं जेवायचं, आणि जेवताना माणसाचा शब्द कानी पडला की हात धुऊन उठायचं. नेम नवा नव्हता, आजीनंही केला होता. तू पाटावर बसलीस की दादा, घरधनी असूनही, ओट्यावर जाऊन बसत, मी बाळाला घेऊन मागच्या दारी जाई. शेजारची पिंजाऱ्याची चाचीसुद्धा तेवढा वेळ आपल्या नवऱ्याला हाक मारत नसे.

मग गावाबाहेरच्या माळावर फौजेनं विमानं उतरवायची जागा केली. पहिलं विमान आलं तेव्हा बैलांनी दावी तोडली, अर्धा गाव मारुतीच्या देवळात शिरला. पोळा आला तोवर मात्र कोणी मान वर करीनासं झालं. दुकानदार पायलीवर हात ठेवून थांबे आणि आवाज विरला की राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे बोले. कोंबड्या दाणे टिपत राहत. माझं बाळ तर त्या घरघरीत जास्तच गाढ झोपे. सवय झाली नाही ती फक्त तुला. विमान आलं की तू घास खाली ठेवायचीस, हात धुवायचीस, संपलं. दिवसाचं ते एकच जेवण. महागाईचे दिवस, भरलं ताट गाईपुढे जाताना माझा जीव तुटे; पण अन्नापेक्षा तुझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, ते बघवत नव्हतं.

दादा एकदा चिडलेच. "अवं, ते मशीन हाय! मशीनचा आवाज म्हंजे का मानसाचा शब्द हाय? जेव ना मुकाट्यानं!"

तू हात पुसत म्हणालीस, "मशीन का आपोआप उडते? आत कोनाचं तरी पोरगं बसलं असन ना? त्याचाच आवाज हाय तो. त्यानं आवाज द्यावा अन् म्या घास गिळावा?"

चाची भिंतीपलीकडून हसली. "बाई, तुमचा रोजा तर सरकारच धरून राह्यलं!" तूही हसलीस. मला हसू आलं नाही.

मी मॅट्रिक झालेली, मला वाटलं यातून वाट काढता येईल. देवळातल्या पुजाऱ्यांना विचारून आले. ते म्हणाले, घंटेचा नाद देवाचा, त्यानं नेम मोडत नाही. दुसऱ्या दिवसापासून तू जेवायला बसलीस की मी तुझ्या कानाशी देवघरातली घंटा वाजवू लागले. बाहेर विमान येई, जाई, तू खाली मान घालून भाकरी संपवायचीस. दादांनी ओट्यावरून डोकावून पाहिलं आणि ते परत जाऊन बसले. मला वाटलं, जिंकलं. देवापुढे साखर ठेवली मी.

आठवडाही झाला नसेल. मी घंटा वाजवते आहे, आणि तू माझं मनगट धरतेस. घंटा थांबते. विमान अगदी आढ्यावरून चाललेलं असतं. तू तोंड वर करून ऐकतेस, डोळे मिटून, जशी पोथी ऐकायचीस तशी. मग हात धुतेस आणि म्हणतेस, "नको वाजवू वं. कोनाच्या तरी लेकराचा आवाज बुजवतो आपन. उद्या माह्या पोराचा कोनी बुजवला तं?"

शाळेत असलं काही शिकवलं नव्हतं. घंटा देवघरात गेली ती गेलीच. कार्तिकात तुला ताप भरला. वैद्य म्हणाले, तापाशी झगडायला अंगात काही उरलंच नाही. तेव्हाही वरून आवाज आला की तुझे डोळे छताकडे जायचे.

भाऊ आला, माय. लढाई संपल्यावर, धडधाकट. देवानं तुझं ऐकलं असं मी मानते, रोज दिवा लावताना मानते. मग पुढचा विचार मनात येतो, तो मी करत नाही. आता बाजाराच्या दिवशी तो चिखलीत माझ्याकडे जेवतो. कधी वरून विमान गेलं तर मानही वर करत नाही. "सवय होऊन जाते बाई," म्हणतो. एकदा त्यानं विचारलं, "बाई, माय कशानं गेली वं?" मी म्हटलं, तापानं. खोटं नाही ते. दादांनीही त्याला तेवढंच सांगितलं होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं, चुलीतच जाईल. म्हणून एवढं लिहिते. त्याला पोटभर जेवताना पाहिलं की मला त्याचा राग येतो. राग आला की मी उठते आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढते.