कढईतली लीडरशिप

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६
आजपासून रोज एक लीडरशिप लेसन लिहायचा. सोळा तारखेला धाराशिवला व्यापारी मेळाव्यात माझं भाषण आहे. विषय 'रोजच्या जगण्यातली लीडरशिप'. लोक त्यासाठी पुण्याला कोर्स करतात. मला भूममधल्या माझ्या खव्याच्या भट्टीतच सगळं सापडतं. नजर पाहिजे.

४ नोव्हेंबर
लेसन नाही. लाइट गेली होती.

६ नोव्हेंबर
सापडला! दूध आटवणाऱ्या पार्वतम्मांना सहज विचारलं, काय चाललंय. कढईवरची नजर न काढता म्हणाल्या, की मालक, हात थांबला की खाली लागतं बघा. वा! अकरा वर्षं कढईपाशी उभी असलेली बाई, बोलली काय! पुढं सास्तूरच्या लेकीचं काहीतरी सांगत होत्या, पण मी वाक्य लिहून घ्यायला पळालो.

९ नोव्हेंबर
लेसन दोन: टीमचं ऐका. पार्वतम्मांनी तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, जरा जोरात. म्हणजे त्यांनाही पटलंय. थांबायला वेळ नव्हता. 'ऐकणे' या स्लाइडवर कान कुठल्या रंगाचा टाकायचा, यात दुपार गेली. वर्षाराणी म्हणाली, की अहो, त्या काय मागतायत ते तरी बघा. बायकोला मॅनेजमेंट कळत नाही.

१३ नोव्हेंबर
पार्वतम्मांना मेळाव्याला न्यायचं ठरवलं. जिवंत उदाहरण! लगेच हो म्हणाल्या, पिशवी भरूनच येते म्हणाल्या. केवढा हा उत्साह!

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ
लिहू नये असं वाटतंय.
भाषण रंगलं. कढईच्या वाक्याला टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतले मल्लिकार्जुनशेठ म्हणाले, की अर्थ बाईंनाच सांगू द्या. माइक मीच दिला. पार्वतम्मा म्हणाल्या, की अर्थबिर्थ काई न्हाय, म्या सुट्टी मागत व्हते. माझ्या लेकीचे, शिवलीलाचे दिवस भरले व्हते. माझा हात थांबला तर खवा करपंल, म्हणून कढईपाशी दुसरं कुणीतरी उभं करा म्हणत व्हते. लेक परवा बाळंत झाली, मुलगी झाली, आता इथूनच सास्तूरची एसटी धरते.
पिशवी उचलली आणि गेल्या. हॉल त्यांच्यासाठी उभा राहिला. मीपण टाळ्या वाजवल्या. मागं पडद्यावर माझा कान. हिरवा.

१७ नोव्हेंबर. सकाळी ७
लाज वाटते. रात्रभर वाटत होती. फोन करून माफी मागितली, महिनाभर येऊ नका म्हटलं. त्यांनी विचारलं, की मालक, कढईपाशी कोण हाय? मी आहे म्हटलं. म्हणाल्या, की मग जाळ बारीक ठिवा.

सकाळी १०
ढवळतोय. खांदा गेला. पाणी प्यायला जाता येत नाही, मान वळवता येत नाही. अकरा वर्षं! आणि मी जाता-येता विचारायचो, काय चाललंय. यातून लेसन... नको. लेसन नको. एवढंच लिहून ठेवावं म्हणून जरा हात थांबवला.

१०.१०
खाली लागलं.