तिसरं नाव

आधी आला तो मणी, हे नीट लक्षात ठेव, कारण हिराबाई आता गल्लीभर सांगत सुटलीय की आधी वैद्यनाथ आला, आणि तोही तिच्याकडेच. पण थांब, आशीर्वाद राहिलेच. चि. सौ. अंबाला तिच्या महालक्ष्मीअक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची साखर उतरली का, की अजून लपूनछपून जांगिरी खातात? आम्ही कावेरीमाईच्या कृपेने बरे आहोत. तू म्हणशील, पापनाशम काय लांब आहे, फोन का नाही केला. अगं, माझी थोरली जाऊ, ही हिराबाई, भिंतीपलीकडेच राहते ना. हेडमिस्ट्रेस रिटायर झाली, तिचे कान झाले नाहीत. म्हणून अप्पांनी पोथीवर बोट ठेवून शिकवलेल्या नागरीत लिहितेय. पत्र कोणाच्या हाती पडलं तरी बिघडत नाही, नातवंडांना ही अक्षरं म्हणजे रांगोळी वाटते, आणि हिराबाई एवढी एम.ए., तिलाही वाचता येत नाहीत. (हे लिहिताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.)

तर सोमवारी सकाळी मी दारापुढच्या तिण्णैवर बसून भाजीला मुरिंगीची पानं निवडत होते. मणी आला, पांढरी वेष्टी नेसून, हातात फळांचं ताट. हिराबाईच्या दाराला कुलूप, ती कुठल्याशा शाळेत शाल घ्यायला गेलेली. (घरात शालींना कपाट पुरत नाही. तंजावरच्या उन्हात शाल! पण मला मेलीला कोणी साधा टॉवेल सुद्धा पांघरला नाही.) फळांचं ताट बघून मला वाटलं, आमच्या नातीला, साईप्रियाला, मागणी आली. पोरीला आत पिटाळून साडी नेसायला लावलं, ती रडकुंडीला आली, यांना बनियनवर शर्ट घालायला लावला, आणि मणीला गोत्र विचारून मोकळी झाले. तो बिचारा मला आजी करून म्हणाला, "पाट्टी, मी पक्षाच्या कामाला आलोय." तेवढ्यात वैद्यनाथ आला, त्याच्याही हातात ताट. त्याच्यात सफरचंदं होती, मणीच्यात नुसती केळी आणि मोसंबी. दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले, जसे काही दोघंही मुलाकडचेच.

आता नीट ऐक, कारण मलाही तिसऱ्या खेपेला कळलं. जुन्या छत्रांची, राजांच्या वेळच्या त्या धर्मशाळांची, देखभाल करायला एक मंडळ नेमायचंय. ते नेमते मद्रासची विधानसभा. काही आमदार आपसांतून निवडून मंडळावर बसतात, आणि एक जागा इथल्या जुन्या मराठी घरातल्या बाईला. त्या जागेसाठी तीन नावं पाठवावी लागतात, दोन पाठवली तर कागद परत येतो. दोन्हीकडच्या आमदारांची एक समिती असते, तिनं एका नावाला मान हलवली की ते भर सभेत वाचून दाखवतात. वैद्यनाथ सत्तेतल्या आमदाराचा माणूस, त्यांनी हिराबाईचं नाव दिलेलं. मणी विरोधातल्याचा, त्यांनी कुंभकोणच्या कुठल्या प्रोफेसरीणबाईंचं दिलेलं. मग माझ्याकडे काय काम? तर दोघंही तिसऱ्या नावाच्या शोधात आलेले. वैद्यनाथ हळूच म्हणाला, "अम्मा, तिसरं नाव तुमचं घालू का? नुसतं नावापुरतं. तुम्हाला काही त्रास नाही."

अंबा, तुला आठवतं ना, देवीच्या पूजेला पाचवी सवाष्ण ऐन वेळी आली नाही की सासूबाई मला चुलीपुढनं उठवून पानावर बसवायच्या? पदराला हात पुसत बसायचं, ओटी भरून घ्यायची, की परत चुलीपुढे. हिराबाईला मात्र आदल्या दिवशी कुंकू लावून बोलावणं. तेच डोळ्यापुढे आलं. नाहीच म्हणणार होते. पण नाव मद्रासला जाणार म्हटल्यावर तोंडातून "घाला" कधी निघालं ते माझं मलाच कळलं नाही.

वैद्यनाथनं विचारलं, शिक्षण? म्हटलं, तिसरी, तीही पावसाळ्यात शाळा बंद पडली म्हणून अर्धी. त्यानं लिहिलं, "अनुभवी". मग मी तव्यावर डाळीचे अडै घातले, लोणी नि गूळ ठेवला, कारण उपाशी माणसांपुढे राजकारण बरं नाही. दोन अडै पोटात गेल्यावर दोघं खरं बोलायला लागले. मणी म्हणाला, "हिराबाई आमच्याकडे चालणारच नाहीत. आमच्या पुढाऱ्याला त्यांनी सातवीत नापास केलंय, दोनदा." वैद्यनाथ म्हणाला, "तुमच्या प्रोफेसरीणबाई आमच्या आमदारांविरुद्ध पेपरात लिहितात. त्या तर नकोतच." असं बराच वेळ चाललं. मग दोघांचे हात ताटात थांबले आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मणीनं विचारलं, "पाट्टीबद्दल तुमच्याकडे कोणाचं काही म्हणणं?" वैद्यनाथ म्हणाला, "काहीच नाही. तुमच्याकडे?" "आमच्याकडेही काहीच नाही."

अंबा, सत्तर वर्षं माझ्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं म्हणून मी उशीत तोंड खुपसून रडलेय. तेच आता माझं मोठं क्वालिफिकेशन झालं बघ! मी आणखी एकेक अडै वाढला.

नेमकी तेव्हाच हिराबाई आली, खांद्यावर नवी शाल. माझ्या तिण्णैवर आपले पाहुणे जेवताना बघून थबकली. "काय गं महालक्ष्मी, माझ्या माणसांना धरून ठेवलंस होय?" म्हटलं, "अक्का, तुमच्या दाराला कुलूप होतं. उन्हात उभं करू?" वैद्यनाथनं चाचरत तिसऱ्या नावाचं सांगितलं. ती हसली, अगदी शाळेतलं हसू. म्हणाली, "हिला? ही मंडळाच्या बैठकीत बोलणार काय?" तर मणी बोटं चाटत म्हणाला, "टीचर, बोलणारे तिथे पुष्कळ आहेत." ती आत गेली आणि दार असं आपटलं की आमच्याकडचं कॅलेंडर पडलं. मला आनंद झाला असं नाही हं. झाला, पण थोडा. बराच झाला.

हेवा कसला म्हणून मनात नाही, देवाशपथ. तिच्या शाली, तिची इंग्रजी, बसमध्ये तिला उठून जागा देणारे तिचे विद्यार्थी, तिचं तिला लखलाभ. एवढंच वाटतं की एकदा, एकदाच, माझं नाव मोठ्यानं कोणी वाचावं आणि तिनं ते टीव्हीवर ऐकावं. आवाज मी इकडून मोठा ठेवीन.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडेल लाव.

तुझी अक्का,
महालक्ष्मी

ता.क. हे कोणाला बोलू नकोस. हिराबाईला मात्र कानावर घातलंस तरी चालेल.

ता.क. दुसरा. जाता जाता वैद्यनाथनं विचारलं, छत्रांच्या कामात तुमच्या रक्ताचं कोणी नाही ना, असलं तर नाव बाद होतं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, कोणी नाही. ते गेल्यावर आठवलं, तुझा लेक मुरलीच तर ठेका घेऊन ओरत्तनाडच्या वाटेवरच्या छत्राला चुना लावतोय! अंबा, पाया पडते (मोठी असून पडते), त्याला म्हणावं, ते काम सोड. सोडवत नसेल तर निदान तिथल्या ठेकेदाराच्या फलकावरचं नाव तरी पुसून टाक. आणि कोणी विचारलंच, तर सांग म्हणावं, मी हिराबाईचा भाचा.

पण उशीर नको. सही घ्यायला ते दोघं शुक्रवारी, राहुकाळ उलटल्यावर परत येतो म्हणालेत.